कुत्रा घरातल्या वस्तू का चावतो आणि थांबवायचं कसं? (सोफा गेलेला आहे, सहानुभूती नको, उपाय सांगा)

झुळूक
नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचत असते, आज लिहायची वेळ आली. आमच्याकडे बंड्या आहे, लॅब मिक्स, वय आठ महिने. स्वभावाने अगदी गुणी, येणाऱ्याजाणाऱ्याला शेपूट हलवणार, लहान मुलांशी नीट वागणार, पण तोंड एक मिनिट रिकामं नाही. आत्तापर्यंत टीव्हीचे रिमोट, चष्म्याची काडी, इयरफोन, सासऱ्यांच्या गोळ्यांची रिकामी पट्टी, प्रत्येक जोडातली फक्त डावी चप्पल (उजवीत साहेबांना रस नाही) आणि आता सोफ्याचा कोपरा. सोफ्याचं म्हणाल तर आधी कोपरा नुसता ओला दिसायचा, मग तिथली शिवण उसवली, मग आतला पिवळा फोम डोकावायला लागला आणि काल घरी आलो तर तोच फोम हॉलभर.

बरं खेळणी नाहीत असं नाही, टोपलीभर आहेत, त्यांना हुंगतसुद्धा नाही.

घरात दोन पक्ष पडलेत. नवरा म्हणतो हा सूड उगवतो, आपण ऑफिसला गेलो याचा राग काढतो, कारण आम्ही दार उघडलं की कान पाडून, नजर चुकवून कोपऱ्यात बसलेला असतो म्हणजे त्याला बरोबर कळतं काय केलंय ते. सासूबाई म्हणतात दात येतायत, थोडं सोसा. मला खरं कारण हवंय. आणि ट्रेनर लावावा का?

दातपाडे
फक्त डावी चप्पल! कुत्र्याची राजकीय भूमिका स्पष्ट आहे.

खडूस_आजोबा
ट्रेनर कशाला लागतो? आम्ही जन्मभर कुत्री पाळली. वर्तमानपत्राची सुरळी करायची, नाकावर एक टोला द्यायचा, दुसऱ्या दिवसापासून चपलेकडे बघायची हिंमत नाही. हल्ली लोकांनी कुत्र्यांना डोक्यावर बसवून ठेवलंय, मग सोफा जाणारच.

अनुस्वार
आजोबा, तुमच्या सुरळीकडे नंतर येते, आधी झुळूकला उत्तर देते.

झुळूक, मी टाकून दिलेली पिल्लं काही आठवडे घरी सांभाळते आणि मग त्यांना घर बघून देते, त्यामुळे माझ्याकडे दातांचे व्रण नसलेलं फर्निचर फारसं उरलेलं नाही. तर एवढं नक्की सांगू शकते की 'कुत्रा चावतो' हे 'ताप आलाय' म्हणण्यासारखं आहे, कशाने आलाय ते कळल्याशिवाय गोळी कुठली द्यायची? एकाच सोफ्याला चार कुत्री चार वेगळ्या कारणांनी चावतील आणि एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला उलटेल.

मुळात चावणं, चघळणं, फाडणं हा त्यांचा स्वभाव आहे, खोड नव्हे. आपण नवी वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करून बघतो, त्यांना हात नाहीत म्हणून ते तोंडात घेऊन बघतात. आणि चघळताना ते शांत होतात. कधी निवांत बघ, पुढच्या दोन पंजांत वस्तू उभी दाबून धरलेली, मान एका बाजूला कललेली, मागच्या दाढांनी एका लयीत चघळणं चालू आणि डोळे अर्धे मिटलेले. हे बंद पाडायचं नसतंच, ते सोफ्यावरून दुसरीकडे न्यायचं असतं.

आता दात. दुधाचे २८ असतात, ते साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ येतात. त्या काळात हिरड्या दुखतात, खेळण्यावर रक्ताचा बारीक डाग दिसतो, कधी फरशीवर इवलासा दात सापडतो. म्हणजे सासूबाईंचं म्हणणं काही महिन्यांपूर्वी बरोबर होतं, आता बंड्याचे दात येऊन झाले असणार. पण तो आता वयात येतोय, जबडा मोठ्या कुत्र्याचा आणि डोकं पिल्लाचं, आणि हा काळ पहिल्यापेक्षा महाग पडतो. मोठ्या चणीच्या कुत्र्यांमध्ये हे दीड-दोन वर्षांपर्यंत चालू शकतं, सोसा म्हणून बसलात तर सगळं घर जाईल.

सुडाचं म्हणाल तर तसं काही नसतं. कान पाडून बसण्यावर अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या अभ्यासक बाईंनी २००९ मध्ये एक छान प्रयोग केला होता. मालकाने कुत्र्याला 'हा खाऊ खायचा नाही' असं सांगून खोलीबाहेर जायचं, मागे काही कुत्र्यांनी खाऊ खाल्ला, काहींनी नाही, पण मालकाला काय सांगायचं ते प्रयोग करणारे ठरवणार. म्हणजे काही मालक निर्दोष कुत्र्यालाच रागावले. तर तो अपराधी चेहरा खाऊ खाल्ल्या-न खाल्ल्यावर अवलंबून निघालाच नाही, मालक रागावला की चेहरा पडत होता. आणि काही न करता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांचा चेहरा तर जास्तच अपराधी दिसत होता. बंड्याला एवढंच कळलंय की फोम पसरलेला असताना तुम्ही दारातून आत आलात की वातावरण बिघडतं. तीन तासांपूर्वी मी फाडलं म्हणून हे चिडले, हा धागा त्याला जुळत नाही.

म्हणून आजोबा, सुरळी. प्रत्यक्ष चावताना टोला बसला तर कुत्रा शिकतो की हा माणूस समोर असताना चावायचं नाही. मग ते तुम्ही नसताना चावतं किंवा पलंगाखाली नेऊन चावतं. आणि नंतर मारलं तर तेवढंही शिकत नाही, फक्त तुमच्या घरी येण्याची धास्ती घेतं, आणि धास्तावलेलं कुत्रं जास्त चावतं.

झुळूक, आता मला तीन गोष्टी सांग. काय काय चावतो ते आलंय, पण कुठे आणि कधी? दार, चौकट, खिडकी याला काही केलंय का? तुम्ही गेल्यावर लगेच करतो की बऱ्याच वेळाने? जुना फोन कॅमेऱ्यासारखा लावून ठेव आणि बघ.

खडूस_आजोबा
प्रयोग वगैरे ठीक आहे. आमची कुत्री चपला चावत नव्हती हे सत्य आहे.

दातपाडे
आजोबा, तुमची कुत्री दिवसभर अंगणात असायची ना? अंगणात चपला किती होत्या?

खडूस_आजोबा
चपला ओसरीवर असायच्या. आणि कुत्री झाडाची मुळं उकरून चावत बसायची दिवसभर, ते वेगळं.

अनुस्वार
ते वेगळं नाही आजोबा, तेच तर आहे :)

झुळूक
जुना फोन लावला. दाराला, खिडकीला काही केलेलं नाही. आम्ही निघालो की हा आधी मस्त झोपतो. तासाभराने उठतो, आळस देतो, घरभर एक चक्कर, टोपलीत नाक घालून काढून घेतो, खिडकीपाशी थोडा वेळ, आणि मग सोफ्याकडे. आणि ते करताना चेहरा इतका खूश की मला राग यायच्या ऐवजी हसू आलं. कोपरा दातांत धरून मागे मागे ओढतो, फोमचा तुकडा निघाला की झटकतो, टाकतो, पुढचा.

फिरायला म्हणाल तर सकाळी घाई असते, खाली नेऊन उरकून आणतो. संध्याकाळी मोठी चक्कर.

निवांत_बाई
मग तू सुटलीस गं. आमच्या राणीचं वेगळं होतं, ते इथे लिहिते कारण कोणी दुसरं वाचत असेल तर उपयोगी पडेल.

राणी सोफ्याला, चपलांना तोंड लावायची नाही. ती फक्त मुख्य दार चावायची. चौकटीचं लाकूड कडीच्या उंचीवर सोललेलं, त्यात लाळेचे ओघळ, आणि एकदा नखांतून रक्त. व्हिडिओत दिसलं की आमचं दार लागून मिनिट होत नाही तोवर हिच्या येरझाऱ्या सुरू, धापा, केकाटणं, लाळ, आणि जाण्याआधी सगळं उरकून आलेली असतानाही घरात सू. ठेवलेला खाऊ तसाच, आम्ही परत आलो की मग खायची. हे कंटाळा नव्हे, ही एकटं पडण्याची भीती. बहुतेक अशा कुत्र्यांचा गोंधळ मालक गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होतो आणि खुणा बाहेर पडायच्या वाटांवर सापडतात.

याला नवी खेळणी आणून फायदा शून्य. पिंजऱ्यात ठेवा असं कोणीतरी सांगितलं होतं, तिने गजांना तोंड घासून घासून नाक सोलून घेतलं, तो पिंजरा लगेच काढला. शेवटी चालला तो मार्ग फार कंटाळवाणा आहे. किल्ल्या उचलायच्या आणि परत सोफ्यावर बसायचं. बूट घालायचे आणि स्वयंपाकघरात जायचं. म्हणजे किल्ली वाजली की आता ही जाणार, ही गाठ सुटते. मग दाराबाहेर काही सेकंद, ती घाबरायच्या आत परत, हळूहळू वाढवत. तोवर तिला एकटीला ठेवायचंच नाही, कोणी ना कोणी घरी, नाहीतर तिला पाळणाघरात. व्हेटने गोळ्याही दिल्या, या त्रासासाठी फ्लुऑक्सेटिन आणि क्लोमिप्रामिन ही कुत्र्यांसाठी मान्यता असलेली औषधं आहेत, पण व्हेटशिवाय स्वतःच्या मनाने अजिबात नाही. आणि सोबतीला दुसरं कुत्रं आणा हा सल्ला ऐकू नका, ती माणसासाठी रडते, दुसऱ्या कुत्र्याने फरक पडेल याची खात्री नसते. पडला नाही तर दोन कुत्री आणि एक फुटकं दार.

तिसरी_घंटा
आम्ही टेबलाच्या पायांना तिखटाची पेस्ट लावली होती. पहिले दोन दिवस लांब राहिला, मग चाटून पुसून साफ केला पाय. तो कडू स्प्रे मिळतो त्याचा कोणाला अनुभव?

शेपूटवाला
तिखट लावू नका हो. जिभेचं सोडा, पंजाला लागतं आणि त्याच पंजाने डोळा चोळतो.

कडू स्प्रेचा अनुभव आहे, निम्मा. यातल्या बऱ्याच स्प्रेत डेनाटोनियम बेन्झोएट असतं, १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये सापडलेलं, माहीत असलेल्या पदार्थांत सगळ्यात कडू समजलं जातं. माझ्या हाताला लागला आणि नंतर त्याच हाताने मी जेवलो, संध्याकाळपर्यंत तोंड वाकडं. माझ्या एका कुत्र्याने त्यानंतर खुर्चीचा पाय सोडला, दुसरीने तोच पाय जास्त आवडीने चावला. माणसाच्या जिभेवर चवीच्या कळ्या साधारण ९,००० आणि कुत्र्याच्या सुमारे १,७००, त्यामुळे आपल्याला जे सहन होत नाही ते त्यांना चालूनही जातं. आणि तो उडून जातो, रोज मारावा लागतो. वापरायचाच तर आधी सोफ्याच्या न दिसणाऱ्या भागावर मारून बघा डाग पडतो का. आणि स्प्रे मारल्यावर शेजारीच चावायला दुसरं काहीतरी हवं, नाहीतर टेबलाचा पाय सुटेल आणि कपाटाचा धरेल.

मी प्राण्यांच्या निवाऱ्यात मदतीला जातो, तिथून परत आणून सोडलेल्या तरुण कुत्र्यांची कारणं ऐकली तर त्यात 'घर फाडतो' हे हमखास असतं. आणि तीच कुत्री निवाऱ्यात सकाळ-संध्याकाळ पळायला मिळालं, हुंगायला मिळालं की चादरसुद्धा फाडत नाहीत.

अनुस्वार
झुळूक, तुझ्या व्हिडिओवरून सरळ कंटाळा दिसतोय. झोप झाली, अंगात जोर आहे, घरात कोणी नाही, करायला काही नाही. सोफा फाडणं हा त्याचा दिवसातला सगळ्यात मजेचा भाग आहे. धरायला सोपा, ओढला की निघतो, आत फोम सापडतो, ही तर बक्षीस देणारी वस्तू झाली.

खेळणी का नको याचंही उत्तर यातच आहे. महिनोन्महिने एकाच टोपलीत पडलेली, वास तोच, मऊ-कडक सगळं पाठ. टोपली कपाटात ठेव. रोज दोन-तीनच बाहेर काढ, संध्याकाळी उचल, दुसऱ्या दिवशी वेगळी. आठवड्याने परत आलेली जुनी वस्तू त्याला नव्यासारखी लागते. आणि निदान एक तरी अशी हवी की जिच्यातून खाणं निघतं. पोकळ रबराचं खेळणं (कोंग नावाचं मिळतं तसं) घे, त्यात त्याचं सकाळचं खाणं भिजवून ठासून भर, रात्री फ्रीझरमध्ये टाक, निघताना दे. ताटलीतलं खाणं अर्ध्या मिनिटात संपतं, हे चाटत बसायला बराच वेळ जातो. त्या कोंगची गोष्ट माहिती आहे का, १९७० च्या दशकात अमेरिकेत जो मार्कहॅम नावाच्या माणसाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवायचा, त्याने गाडी दुरुस्त करताना सस्पेन्शनचा एक रबरी भाग काढून टाकला तो कुत्र्याने उचलला आणि दगड सोडले, त्यावरून ते खेळणं निघालं. म्हणजे तोही तुझ्याच जागी होता.

सकाळचं फिरणं बदल हे सगळ्यात महत्त्वाचं. लांब नको, पण त्याला थांबून हुंगू दे. घाईत ओढत आणलेल्या मोठ्या फेरीपेक्षा नाकाला काम दिलेली छोटी फेरी कुत्र्याला जास्त दमवते. वेळ नसेल तर त्याचं कोरडं खाणं जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवून दे, शोधत बसेल.

आणि पुठ्ठ्याचे खोके! फाडायचंय ना, फाड बाबा. चिकटपट्टी आणि पिना काढून खोक्यात खोकं घालून द्यायचं, आत चार दाणे. कचरा होतो, पण तो झाडूने जातो. फक्त पुठ्ठा गिळत असेल तर बंद.

सोफ्याचं काय, तर काही महिने त्याला सोफा मिळायलाच नको. कुठलीही शिकवण येईपर्यंत प्रत्येक वेळी फाडायला मिळालं की सवय पक्की होते. तुम्ही नसताना त्याला बेबी गेट लावून एका खोलीत ठेव, जिथे वायर नाही, चपला नाहीत, गालिचा नाही. क्रेटची, म्हणजे कुत्र्याच्या पिंजऱ्याची, सवय असेल तर क्रेट, पण तो शिक्षा म्हणून नाही, दार उघडं ठेवून आत खाणं देत देत ओळख करून द्यावी लागते, आणि दिवसभर कोंडायलाही नाही. बाकी चपला कपाटात, रिमोट वर, चष्मा डोळ्यांवर.

चष्मा, रिमोट, चपला हेच का, कारण त्यांना तुमचा वास आहे, घाम आहे, हाताची चव आहे, आणि तुम्ही दिवसभर तेच हातात घेऊन बसता. त्यामुळे जुनी चप्पल 'ही तुझी' म्हणून देऊ नका, जुनी आणि नवी यातला फरक फक्त माणसाला कळतो.

झुळूक
तुम्ही सगळे किती मनापासून लिहिताय. नवऱ्याला वाचून दाखवलं, सुडाचा मुद्दा त्याने मागे घेतला असं तो म्हणाला नाही पण पुढे काही बोललाही नाही.

अजून एक. वस्तू तोंडात असताना काढायची कशी? मोजा उचलला की आम्ही दोघं मागे आणि तो टेबलाभोवती.

दातपाडे
म्हणजे मोजा त्याचा, पळायचं तुम्ही. कुत्र्याने तुम्हाला छान ट्रेन केलंय.

शेपूटवाला
दातपाडे हसतोय पण खरं आहे ते. पुढचं अंग खाली, मागचं वर, मोजा तोंडातून लोंबतोय आणि तिरक्या नजरेने तुमच्याकडे बघत थांबलाय, ओळखीचं आहे ना? ते 'चला पकडा' आहे. पळालात की खेळ सुरू, आणि उद्या परत मोजा, कारण खेळण्यामागे तुम्ही कधी इतकं धावत नाही.

धावू नका. उठा, फ्रीज उघडा, काहीतरी आवडीचं हातात घ्या आणि त्याला अदलाबदल करा. त्याने तोंड उघडताना 'सोड' म्हणा, लगेच खाऊ, आणि खाऊ खाताना दुसऱ्या हाताने मोजा उचला. हे मोज्यावर शिकवू नका, आधी त्याच्या स्वतःच्या खेळण्यावर शिकवा, सोडलं की खाऊ आणि खेळणंही परत. म्हणजे सोडलं तरी तोटा नाही असं डोक्यात बसतं. जबडा ओढून, बोटं घालून वस्तू काढत राहिलात तर दोनपैकी एक होतं, एक तर गुरगुरायला लागतो किंवा तुम्ही येताना दिसलात की पटकन गिळून टाकतो. गिळणारा कुत्रा गुरगुरणाऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा.

आणि आधीच गुरगुरत असेल तर हे सगळं घरी करत बसू नका, चांगला ट्रेनर बघा जो मारत नाही. झुळूकचा प्रश्न होता ना ट्रेनर लावावा का, तर चपलेसाठी नको, यासाठी हवा.

सुईवाला
मी व्हेट आहे, आत्ता धागा वाचला. सवयींबद्दल अनुस्वार आणि निवांत_बाईंनी लिहिलंय त्यात भर घालायला फारसं नाही. पण पहिल्या पोस्टमध्ये गोळ्यांची रिकामी पट्टी वाचून दचकलो. सगळेच सोफ्याचं दुःख करतायत, माझ्या टेबलावर जे येतं ते सोफ्यामुळे नाही.

गोळ्यांची पट्टी पोटात गेली तर तिच्या कडा आतून कापतात, आणि एखादी गोळी राहिलेली असेल तर विचारूच नका. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल या आपल्या साध्या गोळ्या कुत्र्याला जीवघेण्या ठरू शकतात. रिमोट चावला की आधी सेल मोजा. सगळे सापडले नाहीत तर वाट बघू नका, बटणासारखा चपटा सेल अन्ननलिकेत अडकला तर तासा-दोन तासात जाळायला लागतो. शुगर फ्री च्युइंगम, त्यातलं झायलिटॉल कुत्र्याची रक्तातली साखर धाडकन खाली आणतं, यकृतही जाऊ शकतं. पर्स जमिनीवर ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. विजेची चालू वायर चावली आणि झटका बसला तर आधी मेन स्विच बंद करा, मग कुत्र्याला हात लावा. त्यानंतर कुत्रं उठून चालायला लागलं तरी दाखवायला आणा, फुफ्फुसात पाणी भरणं काही तासांनीही सुरू होऊ शकतं.

मोजे, दोरा, फोम. लॅब वाल्यांनी नीट वाचा. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी लॅब्रॅडॉरच्या पीओएमसी नावाच्या जनुकातला एक बदल शोधला, साधारण चारातल्या एका लॅबमध्ये तो असतो आणि त्या कुत्र्यांची भूक भागतच नाही. बाकीची कुत्री फाडून टाकतात, लॅब फाडून गिळतो. मोजा आतड्यात अडकला की उलट्या, खाणं बंद, पोट आवळून उभं राहणं, शी न होणं. अशा वेळी घरगुती काही करू नका, मीठ घातलेलं पाणी पाजून उलटी काढायला तर मुळीच जाऊ नका, त्याने मिठाचीच विषबाधा होते. आणि मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. दुसरं टोक आत कुठे अडकलंय ते माहीत नसतं, ओढलं की आतडं कापलं जातं. तसंच घेऊन या.

चावायला काय द्यावं यावर एकच सांगतो. अंगठ्याचं नख दाबून बघा, खूण उमटली पाहिजे. शिंगं, खूर, मोठी हाडं, दगडी नायलॉन हे सगळं नखाला दाद देत नाही आणि त्यावर वरच्या जबड्यातली मोठी दाढ उभी चिरते, त्याचं दुखणं कुत्रं महिनोन्महिने दाखवतही नाही. शिजवलेली हाडं तर नकोच, त्याचे सुळे होऊन टोचतात. लहान पिल्लू असेल, हिरड्या सुजल्या असतील तर जुना रुमाल भिजवून पिळून, गाठ मारून फ्रीझरमध्ये ठेवा आणि तो द्या, समोर बसून. त्यापेक्षा स्वस्त आणि चांगलं काही मला माहीत नाही.

तिसरी_घंटा
टेनिस बॉल चालतो का? आमचा दिवसभर तोच घेऊन असतो.

सुईवाला
फेकाफेकीला चालतो. चघळत बसायला नको, वरचं कापड खरखरीत असतं आणि त्यात माती-वाळू बसली की दात घासले जातात. मोठ्या कुत्र्याच्या तर घशात अडकतो.

खडूस_आजोबा
नातवाच्या कुत्रीला पुठ्ठ्याचं खोकं दिलं. बराच वेळ आवाज नाही. सगळा पुठ्ठा बारीक करून त्यावर झोपली. सुरळी न करता वर्तमानपत्र वाचून झालं. याचा अर्थ मला तुमचं सगळं पटलं असा नाही.

अनुस्वार
आजोबा, दंडवत.

झुळूक, एक राहिलंच. संध्याकाळी जेवणाच्या सुमारास पिल्लं एकदम वेडी होतात, पाय चाव, पडदा धर, ते बऱ्याचदा कमी खेळामुळे नसतं, झोप कमी झालेली असते. लहान पिल्लांना दिवसाला अठरा ते वीस तास झोप लागते, बंड्याएवढ्यांनाही भरपूरच लागते. त्या वेळी आणखी पळवू नका. शांत खोली, मंद दिवा, चघळायला काहीतरी.

उंबरठा
धागा वरती आणतोय, माफ करा. माझा प्रश्न उलटा आहे. आमचा शेरू दहा वर्षांचा, आयुष्यात कधी काही चावलं नाही. गेला महिनाभर गालिचा चाटतो, चावतो, भिंतीचा चुना खातो. फिरणं तेच, घर तेच, माणसं तीच. त्यालाही कंटाळा आलाय का?

सुईवाला
नाही, याला कंटाळा समजू नका. उतारवयात अचानक सुरू झालेलं चावणं हे आधी आजार म्हणून बघायचं. गालिचा सतत चाटणं बऱ्याचदा मळमळीने किंवा पोटाच्या दुखण्याने असतं. चुना, माती खाणं रक्त कमी असलं, जंत असले, आतडी अन्न नीट शोषून घेत नसली तरी होतं. एखादा दात सडला असेल तरी कुत्रं काहीतरी तोंडात धरायला बघतं. खाजेसाठी किंवा सांध्यांसाठी स्टिरॉइड चालू असेल तर त्याने भूक भयंकर वाढते. आणि दहाव्या वर्षी मेंदूचं म्हातारपणही असू शकतं, रात्री जागणं, कोपऱ्यात जाऊन उभं राहणं, ओळखीच्या खोलीत वाट चुकणं असं काही दिसतंय का बघा.

उंबरठा
स्टिरॉइड चालू आहे! कानासाठी दिलंय. रात्रीचं काही नाही, झोपतो व्यवस्थित.

सुईवाला
मग आधी ज्यांनी दिलंय त्यांना फोन करा. स्वतःहून एकदम बंद करू नका, ते हळूहळू कमी करावं लागतं. रक्त तपासून घ्या, तोंड उघडून दात बघायला सांगा. चावतानाचा व्हिडिओ काढून न्या, आमच्या टेबलावर सगळी कुत्री संत असतात. आणि शीचा नमुना न्या.

उंबरठा
उद्याची वेळ मिळाली. नमुना आज रात्रीचा चालेल का?

सुईवाला
सकाळचा ताजा असेल तर उत्तम. रात्रीचाच असेल तर घट्ट झाकणाच्या डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवा, आणि डबीवर मोठ्या अक्षरात लिहा काय आहे ते.